अकरा वीसपासून

आल्यापासून नाही, डॉक्टर शेवडे म्हणाल्या,
भाजल्यापासून मोजायचं.
हेमांगी भाजली अकरा वीसला,
रबाळ्यात, रेझिनच्या केटलचं झाकण उडून.
ऐरोलीच्या वॉर्डात आम्ही पोचलो एक वाजता.
म्हणजे एक तास चाळीस मिनिटं
आधीच गळून गेली होती.

मी कोपरखैरण्याचा वॉल्व्हमन.
एकोणतीस वर्षं मोरब्याचं पाणी
सेक्टरासेक्टरांत सोडतो, बंद करतो.
गळती मला कुणी शिकवायला नको, असं वाटायचं.
रात्री दोनला रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची,
दुसरं टोक कानाला.
जमिनीखालचं सुस्कारणं ऐकू येतं.
मग खणायचं, क्लॅम्प आवळायचा, माती लोटायची.

"क्लॅम्प कुठे बसवणार, काका?
भोक नाहीच आहे.
बारीक नळ्यांचे सांधे सैल झालेत, अंगभर,
जिथं भाजलं नाही तिथंसुद्धा."
रक्तातलं पाणी पाझरून मांसात साचतं
आणि नळ्या कोरड्या.
मग?
"मग भरत राहायचं. पण बेतानं.
जास्त भरलं तर तेही गळेल,
फुप्फुसात जाऊन बसेल."

बावन्न किलो. तीस टक्के.
केसपेपरच्या पाठीवर मीही गुणाकार केला,
चार गुणिले बावन्न गुणिले तीस:
सहा हजार दोनशे चाळीस मिली,
त्यातलं निम्मं संध्याकाळी सात वीसच्या आत.
सव्वासहा लिटर.
एवढं तर माझ्या एका जुन्या वॉल्व्हमधून
जेवणाच्या सुट्टीत ठिबकतं.

अंधार पडेपर्यंत तिचा चेहरा
दुसऱ्याच कुणाचा झाला.
डोळ्यांच्या नुसत्या फटी.
सिस्टर गावितनी अंगठी कापली, छोट्या कातरीनं,
बोट काळं पडायच्या आत.
अंगठी कुणी दिली ते मला माहीत नव्हतं.
दोन तुकडे माझ्या खिशात.

रात्री एक बाटली आली, काळ्या कागदात गुंडाळलेली.
उजेड लागला की बिघडतं म्हणे.
व्हिटॅमिन सी. लिंबातलं.
यानं सांधे आवळतात का हो?
"काही पेशंटांत आवळल्यासारखे दिसले.
पक्कं कुणी सांगत नाही. मीही नाही."
त्या 'मीही नाही'वर माझा विश्वास बसला.
हे चालू असताना बोटावरचं शुगरचं मशीन खोटं बोलतं,
म्हणून सिस्टर दर वेळी नळी भरून
खाली लॅबला पाठवायच्या.
लघवीही यानं वाढते,
तेव्हा आकड्यावर भाळू नका, म्हणाल्या.

पण आकडा बघणं हाच माझा धंदा.
तासाला सव्वीस तरी हवेत.
चौदा. एकोणीस.
पुन्हा चौदा.
पहाटे अल्ब्युमिन आणायला ठाण्याला गेलो.
पाण्याला रक्तात धरून ठेवतं ते.
येताना विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा खड्ड्यात आदळली,
तेव्हा मी बाटलीला धरून ठेवलं होतं
दोन्ही हातांनी, पोटाशी.

तिसऱ्या दिवशी कुणी काही जाहीर केलं नाही.
सलाइन कमी केलं होतं, तरी पिशवीत
चाळीस, सत्तर, एकशेदहा.
साचलेलं माघारी फिरत होतं.
सिस्टरनी नडगीवर अंगठा दाबला,
खळगा बघितला, काही न बोलता लिहिलं.
कातडीचं अजून सगळंच बाकी आहे, डॉक्टर म्हणाल्या.
मी मान हलवली.
तिच्या बोटावर अंगठीचा वळ दिसायला लागला होता.
कुणी दिली, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात पाड्यावरून जयवंतचा फोन,
सेक्टर पंधराची लाइन जोडून झाली, सोडू का?
सोड, म्हटलं.
पण हळू फिरव रे. तीन दिवस रिकामी होती.
एकदम सोडलंस तर सांधे उडतील.